एकदाच लिहिणारं यंत्र

श्रीरामपूरच्या मेन रोडवरून आत वळलं की एका कापड दुकानाच्या जिन्याखाली वृषालीचं डीटीपी सेंटर होतं. सेंटर म्हणायचं ते आपलं बोर्डावर. आत एक टेबल, दोन स्टुलं आणि ताठ उभं राहिलं की डोक्याला लागणारी जिन्याची पायरी. त्या टेबलावर नेहमीचा कॉम्प्युटर मावेना, म्हणून तिनं कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला बारक्या डब्याचा कॉम्प्युटर उचलला होता. डबा इतका चपटा, की गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, याचा बाकीचा भाग कुठंय?" वृषाली म्हणायची, "तुमच्या पत्रिकेला एवढा पुरतो." लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्या डब्यातूनच निघायचं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच डब्यात गाणीही साठायला लागली. गाणी वृषालीच्या आजीची. भिमाबाई म्हणजे जुन्या जलशातली गाणारी. धर्मांतराच्या आधीपासून तिच्या सासऱ्यांचा जलसा गावोगाव फिरायचा, मान वर करून जगा म्हणून सांगायचा, आणि त्यात ही पदर खोचून, डफाच्या शेजारी उभी राहून गायची. आता सत्तरी उलटली होती, जिना चढताना धाप लागायची, पण तोंड उघडलं की अजून चार दुकानांपलीकडचा माणूस मान वळवून बघायचा.

ही गाणी एकदा कॅसेटवर उतरवून झाली होती. पुन्हा कुणी त्यावर काही भरू नये म्हणून कॅसेटच्या मागच्या खिट्ट्याही तोडून ठेवल्या होत्या. वृषालीच्या सुनीलमामानं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि वर आपल्या मेव्हण्याच्या वरातीचा बँड भरला. आपल्याकडे कोरी कॅसेट विकत आणणं म्हणजे उधळपट्टी आणि दुसऱ्याची पुसणं म्हणजे काटकसर! 

म्हणून वृषालीनं साऊंड कार्ड बसवलं, माईक आणला आणि दुपारच्या रिकाम्या वेळात आजीला गायला बसवलं. पण हार्ड डिस्क भरत आली होती, आणि हल्ली सुरू होताना आतून खडखडायची. तो खडखडाट ऐकला की वृषाली हातातलं काम सोडून डब्याला कान लावायची. डिस्क गेली तर गाणी गेली, आणि आजीचा दम काही पुन्हा येणार नव्हता. लेझर प्रिंटरसाठी साठवलेल्या पैशात सीडी रायटर घ्यायचा असं तिनं ठरवलं.

घोळ झाला तो काकासाहेबांमुळे. काकासाहेब नांदरवाडीचे बडे बागाईतदार, साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे. त्यांचं पत्रक वृषालीकडेच जुळवायला होतं. ते वाचायला काकासाहेब आले, तेव्हा भिमाबाई माईकसमोर बसून बारवेचं गाणं गात होती.

*काळ्या दगडाची बारव गं, पायऱ्या उतरती खाली,*
*आभाळ निजलं पाण्यामधी, चांदणी न्हाऊन गेली...*

काकासाहेब दारातच थबकले. माणूस रसिक, यात शंका नाही. कीर्तन असो, तमाशा असो, कुणी चार ओळी बऱ्या म्हटल्या की त्यांचा हात आपोआप खिशात जायचा. त्यांनी एक नोट काढली आणि भिमाबाईच्या हातावर ठेवली.

आता जलशाची रीत अशी, की बक्षीस आलं की गाणं तिथंच थांबवायचं, देणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि मग पुढचं कडवं उचलायचं. भिमाबाईला ही रीत श्वास घेण्याइतकी अंगवळणी पडलेली. तिनं गाणं थांबवलं आणि खणखणीत पुकारलं, "नांदरवाडीचे काकासाहेब पाटील, यांनी या गाण्यावर खूश होऊन बक्षीस दिल्यालं हाय, मंडळ त्यांचं आभारी हाय!" आणि लगेच पुढचं कडवं:

*पाण्याला नाही जात गं, पाण्याला नाही गोत,*
*रंगराव पाटलानं कुलूप लावलं, किल्ली कमरंत!*

रंगराव पाटील म्हणजे काकासाहेबांचे सख्खे आजोबा.

काकासाहेब आधी हसले. मग त्यांचं हसू ओठांवरच वाळलं. वर कापड दुकानात साड्या बघणाऱ्या बायका जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. भिमाबाईनं गाणं शेवटपर्यंत नेलं, मगच माईक खाली ठेवला. काकासाहेब पत्रक न वाचताच निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी विरोधी पॅनेलचा एक कार्यकर्ता आला. त्या गाण्याची कॅसेट हवी होती, जीपवर भोंगा लावून वाजवायला. नातू स्वतः बक्षीस देऊन आजोबाचं कुलूप गाऊन घेतोय, असा माल कुठं मिळायचा! वृषालीनं त्याला दारातूनच परत लावला. "आजी कुणाच्या प्रचाराला गात नाही," ती म्हणाली.

मग काकासाहेब आले. या वेळी आवाजात साय होती.

"मावशी, तुमचा गळा म्हंजे आपल्या तालुक्याचं वैभव हाय. ही गानी जपलीच पायजेत. मी नगरच्या दुकानात सांगून ठेवलंय, सगळ्यात भारी सीडी रायटर घ्या. पैसे माझे. त्याच्यात पुसून परत लिव्हता येतं म्हने. कदी काय दुरुस्ती करावी वाटली तर अडचन नको."

"कसली दुरुस्ती?" वृषालीनं विचारलं.

"ते एक गानं काढून टाक पोरी. बाकी सगळी ठेव. आजोबा आमचे गेले, ते काय उत्तर द्यायला येनार हायत?"

"त्यांनी कुलूप लावलं तवा आमाला बी कुनी उत्तर द्यायला उभं करत न्हवतं," भिमाबाई म्हणाली.

"मग निदान माझं नाव तरी काढा त्यातलं."

"ते कसं काढू? बक्षीस घेतलंय. घेतलं का पुकारायचं, ही रीत हाय."

"मग परत द्या बक्षीस!"

भिमाबाईनं डोळे मोठे केले. "दिल्यालं बक्षीस माघारी घेनारा पयलाच मानूस बगितला मी," ती म्हणाली, आणि काकासाहेब उठले. जाता जाता एवढंच म्हणाले, की दुकानात निरोप दिलेला आहे, शहाण्यासारखं करा.

चार दिवसांनी वृषाली आजीला घेऊन एसटीनं नगरला गेली. दुकानातला सेल्समन प्रशांत मोठा चुणचुणीत, बोलायला लागला की मध्ये श्वास घ्यायचा नाही. वृषालीनं डब्याची लांबी-रुंदी मोजून आणली होती, तरी त्यानं सुरुवात नव्या मोठ्या टॉवरपासूनच केली.

"टॉवर माझ्या जिन्याखाली मावत नाही," वृषाली म्हणाली. "आहे त्या डब्याला काय बसेल ते सांगा."

"आत बसणारा रायटर तर नाहीच बसणार, ताई. जाड पडतो. बाहेर ठेवायचा घ्या. त्यात वेगवान हवा असेल तर वेगळं कार्ड टाकावं लागेल."

"कार्डाला एकच जागा आहे, तिथं साऊंड कार्ड आहे. ते काढलं तर गाणी आत कशी घेऊ?"

"मग प्रिंटरच्या पोर्टवर चालणारा घ्या. पण हळू चालतो हं. आणि तो लावला की प्रिंटर काढून ठेवायचा. सीडी लिहिताना मशीनला हातसुद्धा लावायचा नाही, लाईट जाता कामा नये. मध्येच थांबलं की सीडी बाद."

वृषालीनं मान डोलावली. हे तिला चालण्यासारखं होतं. प्रशांतनं काउंटरवर दोन खोकी ठेवली. एक चकचकीत, नवीन. दुसरं गेल्या वर्षीचं, कोपरे दबलेलं.

"हा नवा पुसून परत लिहितो. एकदाच लिहायच्या सीड्यापण यात चालतात. याचे पैसे काकासाहेबांनी भरलेत, नुसता घेऊन जायचा. आणि हा जुना फक्त एकदाच लिहितो. लिहिलं ते लिहिलं. याचे तुम्हाला भरावे लागतील. त्यामुळं विचार करायचा प्रश्नच नाही ना, ताई?"

वृषाली मात्र विचारात पडली, आणि खरं सांगायचं तर तिला मोह झाला. तिनं आजीला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "आजी, नवा घेऊ. फुकट आहे. यातपण न पुसणारी सीडी चालते. आपण गुपचूप तीच भरू, सगळ्या गाण्यांसकट. त्यांना काय कळतंय? माझे प्रिंटरचे पैसेपण वाचतील."

हिशेब बिनचूक होता. कुणीही शहाण्या माणसानं हेच केलं असतं.

"गुपचूप?" भिमाबाई इतक्या मोठ्यानं म्हणाली, की दुकानातली गिऱ्हाइकं वळली. "ते गानं गुपचूप म्हनायचं असतं तर आमी घरात चुलीपुढं म्हटलं असतं. नांदरवाडीच्या चावडीम्होरं म्हटलंय मी ते, रंगरावाच्या तोंडावर. दगडं आली, डफ फुटला, पर गानं पुरं केलं. आता त्याच्या नातवाच्या पैशानं, त्याच्यापासनंच चोरून भरू? यंत्र त्याचं आलं का उद्या तो येऊन स्टुलावर बसंल, हे ऱ्हाऊ दे, ते काढ म्हनंल. तू नाय म्हनशील एकदा, दोनदा. मंग?"

वृषालीला एकदम लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ रागही आला; काकासाहेबांचा, त्या चकचकीत खोक्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिनं पर्स उघडली.

"जुना द्या," ती प्रशांतला म्हणाली. "आणि कोऱ्या सीड्यांचा एक डबा. एकदाच लिहायच्या."

"ताई, चूक करताय. फुकटचं कुणी सोडतं का? आणि काकासाहेबांना मी काय सांगू?"

"तुम्ही नका त्रास घेऊ. मीच सांगते," वृषाली म्हणाली, आणि तिथल्याच फोनवरून तिनं काकासाहेबांच्या बंगल्यावर फोन लावला. "काकासाहेब, तुमचं यंत्र दुकानातच ठेवलंय. आमचं आम्ही घेतलं. उद्या दुपारी सगळी गाणी सीडीवर भरणार आहे, बारवेचंपण. तुमचं पत्रकपण तयार आहे. बघायला या."

येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी काकासाहेब आले, कडक इस्त्रीत, सोबत कुणी नाही. एक स्टूल त्यांनी घेतलं, दुसऱ्यावर भिमाबाई होती. वृषालीनं प्रिंटर काढून रायटर जोडला, सीडी घातली आणि भरायला सुरुवात केली. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागली. वर कापड दुकानातल्या बायका पुन्हा जिन्यावर आल्या होत्या. लाईटवर ताण नको म्हणून पंखासुद्धा बंद ठेवला होता, सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा.

पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा काकासाहेब उठले. "येतो मी," म्हणाले, आणि उठताना आधाराला म्हणून त्यांनी हात भिंतीवर ठेवला. भिंतीवर विजेच्या बटणांचा बोर्ड होता. खट् आवाज झाला. रायटरचा दिवा विझला.

"अरेरे," काकासाहेब म्हणाले. "हात लागला बघ."

वृषाली ताडकन उठली आणि तिचं डोकं पायरीवर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मार लागल्याचं की संतापाचं, तिचं तिलाच कळलं नाही. लिहिली जाणारी सीडी अर्ध्यात मेली होती. तिचा आता काही उपयोग नव्हता. ती तोंड उघडणार, तेवढ्यात भिमाबाईनं विचारलं, "अजून हायत का ग सीड्या?"

"डबा भरून आहेत."

"मंग दुसरी लाव." भिमाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, आपलं स्टूल सरकवत नेऊन त्या बोर्डाखाली ठेवलं, आणि पाठ भिंतीला लावून बसली. "बसा, काकासाहेब. हात लागतो एखाद्या वक्ताला. च्या सांगितलाय. तुमचा अजून कुठं कुठं लागायचाय तो लागू द्या. आमी सीड्या लावत ऱ्हातो, आन् सीड्या संपल्या तर म्या हायेच, परत गाते."

जिन्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. काकासाहेबांनी वर बघितलं, मग भिमाबाईकडं. तसंच निघून जाता आलं असतं. पण आता जाणं म्हणजे मुद्दाम हात लावला असं सगळ्यांपुढं कबूल करणं. ते बसले. चहा आला, तो प्याले. निळी पट्टी पुन्हा पहिल्यापासून निघाली, आणि आपल्या आजोबांचं कुलूप त्या चकतीवर उतरेपर्यंत काकासाहेब पाटील हात मांडीवर ठेवून तिथंच बसून राहिले. शेवटी पत्रकाचा गठ्ठा काखेत मारून गेले.

रायटरचा कप्पा बाहेर आला. वृषालीनं सीडी कडेनं धरून काढली, कॉम्प्युटरमध्ये घालून वाजवून पाहिली. आवाज लख्ख आला, बक्षीस पुकारल्यासकट. मग तिनं ती आजीच्या हातात दिली.

भिमाबाईनं ती उलटसुलट करून बघितली. "ही आता पुसायची म्हटली तर?"

"नाही पुसता येत, आजी."

"त्या नगरच्या पोराला?"

"त्यालापण नाही."

"मला? म्याच म्हटलं, ते एक गानं काढ, तर?"

वृषालीनं मान हलवली. "तुलापण नाही."

भिमाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं," ती म्हणाली. "कालपासनं लई भ्या वाटतंय ग मला, म्याच काढ म्हनंन म्हून."