करडईचं रिकामं तास

खुंटीला टांगलेला हा वाळका बांबू दिसतोय ना, तोच मी. मी सरता. हल्लीच्या पोरांना माझं नावसुद्धा ठाऊक नसतं. परवा एकानं मला फुंकणी समजून तोंडाला लावलं! फुंकणी नव्हे, बाबांनो. पेरणीच्या वेळी मला तिफणीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पाभरीच्या, मागं दोरीनं बांधतात. माझ्या डोक्यावर ही लाकडी वाटी आहे ना, तिला चाडं म्हणतात. एक बाई मला डाव्या हातानं उभा धरून चालते आणि उजव्या मुठीतून चाड्यात बी सोडते. ते माझ्या पोटातून घसरत थेट ओल्या मातीत पडतं. तिफण हाकायची पुरुषानं, सरता धरायचा बाईनं. गहू तिफण पेरते. गव्हाच्या कडेनं करडईची जी काटेरी ओळ असते, गुरांना आत शिरू देत नाही, ती माझी.

वाशीमजवळच्या मालेगावहून वाशीमकडं जाताना वाटेत आमचं गाव लागतं. तिथल्या नानाजींनी मला आपल्या बायकोसाठी घडवून घेतलं. तिचं नाव चतुराबाई. जिभेनं तिखट, पण मूठ काय सांगू! तिनं सोडलेली करडई उगवली की दोरी धरून ओळ काढल्यासारखी दिसायची. मला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही आणि मलाही तो नको होता.

मग पहिल्या मोठ्या लढाईच्या शेवटी मानमोडीच्या तापाच्या साथीत नानाजी गेले. आमच्याकडं रीत अशी, की विधवेनं बियाण्याला हात लावायचा नाही आणि पेरत्या शेतात पाय ठेवायचा नाही. ही रीत कुणी काढली कोण जाणे, पण काढणाऱ्यानं चतुराबाईची ओळ पाहिली नसावी. त्या साली तिनं मला खुंटीवरून काढलं आणि सुनेच्या ओटीत ठेवलं. "घे. आता तूच," एवढंच म्हणाली.

सून म्हणजे रुख्मिणी. तिचा नवरा पुंजाजी लग्नानंतर वर्षभरात लढाईच्या भरतीत आफ्रिकेला गेला. लढाई संपली तरी तो आला नाही, नैरोबीला रेल्वेच्या कारखान्यात लागला. रुख्मिणीच्या कपाळाला कुंकू होतं, घरात नवरा नव्हता. गावच्या बाया तिला ओटीत मूल नाही म्हणून टोचायच्या आणि पेरणीला सवाष्ण लागते म्हणून पुन्हा तिच्याच ओटीत बी घालायच्या. मजुरीनं दुसरी बाई मिळाली असती, पण घरच्या बियाला घरचीच मूठ हवी हा चतुराबाईचा हट्ट. म्हणजे रुख्मिणी घर सोडून नवऱ्याकडं गेली तर सरता धरायला कुणी उरत नव्हतं. हे सासूला ठाऊक होतं आणि सुनेलाही. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

मानमोडीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, नवरात्राच्या सुमाराला पुंजाजी रजेवर घरी आला.

घरात आनंद झाला, पण तो आनंद काही सुखानं खाली बसेना. परत कधी जाणार, हे चतुराबाईनं त्याला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तरच तर तिला नको होतं. तिनं त्याला कामाला जुंपलं. आज गोठ्याचं कूड, उद्या विहिरीचा रहाट. याचे हात पुन्हा मातीत मुरले की हा कुठला जातोय, असा तिचा हिशेब. पुंजाजी सगळं करायचा, पण सकाळी उठला की आधी खिशातलं घड्याळ पाहायचा. बोलता बोलता "तिकडं असं असते, तिकडं तसं असते" म्हणायचा. त्याच्या तोंडून 'तिकडं' निघालं की चतुराबाई परातीत भाकरी अशी थापायची, की भिंतीवर टांगलेला मीसुद्धा दचकायचो.

रब्बीची पेरणी आली. पाऊस लवकर उघडला होता. ऊन कडक, जमिनीतली ओल रोज खाली चाललेली. दोन-चार दिवसांत गहू मातीआड झाला नाही तर वर्ष गेलं, अशी वेळ. पुंजाजीनं तिफण धरली. पहिलं तास, म्हणजे पेरणीची ओळ, असं वाकडं गेलं की बैलांनीही मान वळवून पाहिलं. चतुराबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसलेली. शेतात पाऊल टाकायचं नाही म्हणून तिथूनच ओरडली, "नाकासमोर पाह्य ना बाप्पा! बैलाच्या शेपटीकडं काय पाहून राह्यला?"

दुपारपर्यंत त्याचा हात बसला. तिफण दूरच्या धुऱ्याला, हिवराच्या झाडाशी वळली. तिथलं बोलणं मायला ऐकू गेलं नसतं. तेव्हा पुंजाजी बोलला. मागं वळून न पाहता बोलला. महत्त्वाचं बोलताना माणसं बैलांकडंच का पाहतात, हे मला आजवर उमगलेलं नाही.

"रुख्मिणे, मले तिकडं घर भेटलं. रेल्वेचं. तुले न्याची परवानगी बी हाय."

रुख्मिणीची मूठ थांबली.

"संक्रांतीच्या आधीची बोट हाय. या खेपेले नाही आली, त मंग पाच वर्सं सुट्टी नाही."

"आन् आत्याबाई?"

"तिले नाही सांगतलं अजून."

"काहून?"

त्यानं बैलांना चुचकारलं. बैल चालत राहिले. रुख्मिणीचा डावा हात ढिला पडला, मी तिरपा झालो आणि माझ्या तोंडात ओल्या काळ्या मातीचा गोळा घुसला. तिनं पुन्हा बी सोडायला सुरुवात केली, पण दाणे माझ्या पोटातच साचू लागले. मला ओरडता आलं असतं तर गाव गोळा केलं असतं. चांगली पेरणारीण दर वळणावर सरता वर करून नळी पाहते. त्या दिवशी रुख्मिणीला वळण दिसत नव्हतं, समोरच्या माणसाची पाठ दिसत होती. धुऱ्याजवळ आल्यावर तिनं मला झटकलं तेव्हा करडईचा गोळा भसकन पायावर पडला. तिनं तो घाईघाईनं मातीत दडपला. धुऱ्यावरून सासू पाहत होती.

आठ दिवस घरात तिघं एकमेकांशी जपून बोलत होती. मीठ घे, पाणी दे, बैल बांध. रुख्मिणीचा जीव दुहेरी टांगणीला लागला होता. जावं तर सासू एकटी, राहावं तर पुन्हा पाच वर्षं. शिवाय ते तास. आमच्या गावात समज असा, की पेरणीत तास रिकामं राहिलं तर घरातलं लांब गेलेलं माणूस परत येत नाही. रोज ती मातीकडं पाहायची. गहू वर आला, करडईनं पानं काढली, आणि हिवरापासून धुऱ्यापर्यंत एक काळी पट्टी उघडी पडली.

घरी येऊन तिनं पुंजाजीला सांगितलं, "मी नाही येत. तुमी बी जाऊ नका."

"तासाच्या पायी?"

"व्हय, तासाच्या पायी! बोट बुडली त?"

पुंजाजी चिडला. आवाज चढले. चतुराबाई चुलीपाशी होती. ती उठली, मला खुंटीवरून काढलं, कोपऱ्यातल्या मडक्यातली करडई पदरात घेतली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली. तीन वर्षांनी तिचा हात मला लागला होता. पकड तीच होती.

ती तडक शेतात गेली. धुऱ्यावर क्षणभर थांबली आणि मग तिनं पाऊल आत टाकलं. रुख्मिणी आणि पुंजाजी मागून धावत आले. शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. त्यांतली रंगूबाई ओरडली, "अवो चतुराबाई, काय करून राह्यल्या? तुमचा हात चालत नाही ना बियाले!"

"तीस वर्सं माह्याच हातानं उगोलं," चतुराबाईनं तिथूनच सुनावलं. "मालक गेले त हात बी त्यायच्या संग गेले काय?"

रंगूबाई पुन्हा कापसाकडं वळली. चतुराबाईनं मला काठीसारखं मातीत रोवलं. ओल खाली गेली होती म्हणून खोल रोवलं. दोन दाणे सोडले, पायानं माती दाबली, पुढं सरकली. अशी ती वाकून वाकून हिवराकडं निघाली. रुख्मिणी रडत तिच्या मागं चालत होती.

"आत्याबाई, द्या इकडं. मी भरीन."

"रिकामं कुठून झालं पाह्य," चतुराबाई मान वर न करता म्हणाली. "हिवरापासून. म्या धुऱ्यावून पाह्यलं, तिथंच तुह्यी मूठ थांबली. तिथं काय सांगतलं यानं तुले?"

रुख्मिणीनं धुऱ्याकडं पाहिलं. पुंजाजी धुऱ्यावर मान खाली घालून उभा.

"न्याचं म्हणला ना? मंग जाय ना, पोरी. माह्यासाठी राहशीन, आन् दर साली पेरता पेरता अशीच थांबशीन. मले नाही पाह्यजे तसं तास." हिवराशी येऊन ती थांबली, कंबर धरून उभी राहिली. "हे पाह्य. भरलं. आता कोणी बुडत नाही."

त्या दिवशी मला चतुराबाईचा फार अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं. संक्रांतीआधी दोघं बोट गाठायला गेली. मागाहून पेरलेली ती करडई मागाहून फुलली. सगळं शेत वाळायला लागलं तेव्हा तेवढी एकच ओळ पिवळीजर्द होती. चतुराबाई तिच्यापाशी बराच वेळ उभी राहिली. त्या ओळीचं बी तिनं वेगळ्या मडक्यात ठेवलं आणि पुढं दर साली तेच पेरलं. स्वतः पेरलं. हिवराशी आली की मला वर करून नळीत फुंकर घालायची आणि म्हणायची, "नळी पाह्य वं, रुख्मिणे."

दोघं मध्ये एकदा येऊन गेली, कडेवर पोरगी घेऊन. त्या वेळी सासू-सुनेनं मला आळीपाळीनं धरलं. मग दुसरी लढाई आली, बोटी थांबल्या. चतुराबाई दोन वर्षांपूर्वी गेली. शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं आहे, बटईदार नुसता गहू पेरतो आणि दुसऱ्यांच्या गुरांना शिव्या देतो.

मला वाळवी लागली आहे, त्याचं काही नाही. पण उतरंडीत ते मडकं अजून आहे, तोंडाला चतुराबाईनं बांधलेलं फडकं तसंच आहे. बी फार दिवस राहिलं की त्याचा जीव जातो. यंदा चालेल, पुढच्या साली सांगता येत नाही. लढाई संपली, बोटी सुटल्या असं ओट्यावर बसणारे म्हणतात. तेव्हा रुख्मिणे, रजा मिळो न मिळो, यंदा ये. माझी नळी मोकळी आहे.