न वाळणारी जागा

होडीच्या उजव्या अंगाला, वरून तिसऱ्या फळीवर, तळहाताएवढ्या जागेत व्हार्निश काही केल्या वाळेना. बाकीची होडी आरशासारखी चकाकत होती, पण इथं बोट टेकवलं की चिकटायचं.

तपासनीसबाईंनी ती जागा तीनदा घासून कोरी केली आणि तीनदा नवा हात दिला. हे नाव तिला घरच्यांनीच ठेवलेलं. घड्याळ उन्हाळ्यात मागे का पडतं, हे पाहायला तिनं लहानपणी ते गरम पाण्यात ठेवलं होतं.

सुतारमामांनी फळीवर टकटक केली. "आतून कुजतंय, ताई. ओल बाहेर येतेय. फळी कापावी लागणार."

"मग होडी पाण्यात कधी जाईल?"

"यंदा विसरा. शनिवारी करवत घेऊन येतो."

होडी बाबांची होती. शिडाचा दोर ओढण्याइतकं बळ त्यांच्या हातात यंदा जेमतेम होतं; पुढच्या वर्षीचं कोण सांगणार? त्यात खोकला. व्हार्निशच्या वासापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि बाबांना शेडबाहेर ठेवायचं काम तिच्याकडे होतं.

पण लाकूड कुजलं असेल, तर ओल तळहाताएवढ्याच जागेत का? हा प्रश्न तिचा पिच्छा सोडेना. बुधवारी तिनं चौथ्यांदा घासून नवा हात दिला आणि अर्ध्या जागेवर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण चिकटपट्टीनं बसवलं. ओल आतून येत असेल, तर झाकणाखालीही चिकटच राहील.

शुक्रवारी दुपारी तिनं झाकण काढलं. खाली कडकडीत वाळलेलं, बाहेर चिकट. म्हणजे लाकडाचा काही दोष नव्हता! तिनं नाक लावलं. निलगिरीचं तेल. हा वास घरात रोज सकाळी असायचा. आता कळायचं राहिलं होतं एवढंच, की तेल होडीपर्यंत चालत येतं कसं.

शनिवारी सकाळी ती शेडमध्ये गुंडाळलेल्या शिडामागे उभी राहिली. जरा वेळानं बाबा आले, चपला हातात, नाकाला रुमाल. त्यांनी उजवा हात फळीवर टेकला, वाकले, एक डोळा मिटला आणि होडीच्या अंगावरून दूरवर पाहू लागले.

"बाबा!"

"मी कशाला हात लावत नव्हतो."

"हात अजून तिथंच आहे."

बाबांनी हाताकडे परक्याच्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं. "अगं, गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय वाकता येत नाही. आणि वाकायचं तर आधार नको?"

"मग हात धुवायचे ना!"

"सगळं कसं लक्षात राहणार?"

एवढ्यात करवत घेऊन सुतारमामा हजर. तिनं सगळी हकिकत सांगितली. त्यांनी चिकट जागा जराशी खरवडून लाकडात टोचा दाबून पाहिला. टोक आत शिरेना.

"हे आधीच का नाही केलंत?"

"तुम्ही शास्त्र शिकलेल्या. तुम्हाला वाळवता येईना, तेव्हा लाकूडच खराब, असं धरून चाललो." हसत त्यांनी करवतीला पुन्हा फडकं गुंडाळलं.

तिचा जीव भांड्यात पडला, पण कुतूहल काही शमलं नाही. "बाबा, रोज पाहत काय होतात?"

"इकडे ये. एक डोळा मीट. आणखी खाली, गाल फळीला लागला पाहिजे."

उजेडाची एक रेघ होडीच्या टोकापासून सरळ पळत आली आणि तिसऱ्या फळीपाशी जराशी थरथरली.

"खळगा?"

"पहिल्यांदा घासलंस तेव्हा पडला. होडीची रेघ बघायला मी आधीपासूनच यायचो, हा पडल्यावर रोज यायला लागलो. बघतो तर तू घासशील तेव्हा थोडा वाढलेला."

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर शेडमध्ये कशाला गेलात म्हणून ओरडली असतीस."

सुतारमामा पोट धरून हसत सुटले. तिनं मात्र डोळा उघडला नव्हता. "पाण्यात अडेल का हा?"

"पाण्याला कळायचासुद्धा नाही," बाबा म्हणाले. "गुरुवारी सोडू. आता सरक, मला बघू दे."

तिनं सरकून त्यांच्या तळहाताखाली कोरं फडकं ठेवलं.