मनःपूर्वक धन्यवाद

लिफ्ट बंद पडली आणि अप्पांचा चौथा मजला एकदम डोंगर झाला. गुडघ्याचं ऑपरेशन ताजं, त्यामुळे जिन्याचं नाव काढायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी. इकडे तळमजल्यावरचा दोस्त बुद्धिबळातल्या एका घोड्यावरून रुसून बसलेला. तो फोन उचलेना. रुसवा काढायचा तर स्वतः खाली जायला हवं होतं.

म्हणून अप्पा रोज देखभालीच्या ॲपवर लिफ्टची तक्रार टाकत. क्षणात उत्तर येई : 'आपली तक्रार मिळाली. मनःपूर्वक धन्यवाद.'

"काय अदब आहे!" अप्पा म्हणाले.

"ते वाक्य माझं आहे, अप्पा," जिने चढून धापा टाकत आलेली सून अभिमानानं म्हणाली. ॲप तिच्याच कंपनीचं होतं.

"वाक्याला नावं ठेवायला जागाच नाही गं. लिफ्टचं काय?"

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात विचारलं. साहेब भलतेच खुशीत होते. ॲप सुरू झाल्यापासून एकही तक्रार त्यांच्यापर्यंत आली नव्हती. लोक सुखी झाले, या आनंदात त्यांनी केक मागवला होता. सुनेनं केक संपवला आणि मग कोड उघडला.

ॲप तक्रार पाठवायचं जेसनमध्ये, म्हणजे सगळा मजकूर एका बंद पुडक्यात बांधून. कोडमधला तो घेणारा भाग, कंट्रोलर, मात्र जुन्या वेबफॉर्मच्या सवयीनं पुडकं बाजूला सारून फॉर्मचे रकाने चाचपायचा. रकाने रिकामे. मग हा पठ्ठ्या कोरी नोंद करून मनःपूर्वक धन्यवाद देऊन मोकळा! कोऱ्या नोंदी पुढं कोण पाठवणार? कंट्रोलरही तिनंच लिहिला होता. केक जरा जड झाला.

तिनं त्याला आधी पुडकं सोडायला शिकवलं. आत काही कमी असेल तर तोंडावर सांगायचं, अशीही ताकीद दिली.

संध्याकाळी अप्पांनी नेमानं तक्रार टाकली. उत्तर आलं : 'मजला लिहिलेला नाही. तक्रार घेता येत नाही.'

सुनेनं जीभ चावली. "फारच तुसडं झालं का हो?"

"अगं, तुसडं कसलं! आज कुणीतरी वाचलं!" अप्पांना आनंद मावेना. "धन्यवाद काय, न वाचताही देता येतात. चूक काढायला वाचावंच लागतं."

त्यांनी मजला लिहिला. सकाळी मेकॅनिक हजर झाला आणि दुपारी लिफ्ट कुरकुरत का होईना, चालू लागली. अप्पा काठी टेकत दोस्ताच्या दारात उभे राहिले.

"घोडा तुझा," अप्पा म्हणाले. "पण फोन का उचलत नव्हतास रे गाढवा?"

"उचलला असता तर फोनवरच मिटवलं असतंस," दोस्त दारातून बाजूला होत म्हणाला. "ये, बस. गुडघा कसा आहे?"