टेबलाखालचं बटण

मी एक टेप रेकॉर्डर बोलतोय. आजवर लोकांचंच बोलत आलो. ज्यानं बटण दाबलं त्याचा आवाज माझा. आज मात्र स्वतःचं सांगतोय, आणि ते गोड नाही. मला एका माणसाचा राग आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते कुलूप-किल्लीचं दुकान. दादानं मला जुन्या बाजारातून उचलून तिथं आणलं. दुकान दोघा भावांचं. दादा पुढे गिऱ्हाईक बघायचा आणि गोष्टी लिहायचा. साप्ताहिकात छापूनही यायच्या. धाकटा मागच्या खोलीत कानशीनं किल्ल्या घासायचा. दादाची पद्धत अशी, की गोष्ट आधी मला तोंडी सांगायची, मग ऐकत ऐकत कागदावर उतरवायची. मऊ फडक्यानं पुसायचा मला. तेव्हा मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

धाकट्याची बायको रागावून भावाकडे राहायला गेली होती. मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं. हा बोलतच नसे. ती विचारून विचारून थकली. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "जगाची कुलपं उघडतोस, तुझ्या तोंडाची किल्ली कुठं हरवली रे?"

पण कानस चालू झाली की तो बोलायचा. स्वतःशीच.

"जा की गाढवा. रविवारी जा. गेल्या गेल्या भांडू नकोस. आधी विचार, बरी आहेस ना. मग सांग, अजून सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. एवढंच सांग. का नाही येणार तोंडातून, गाढवा?"

रोज थोडं बदलायचा, थोडं घासायचा. किल्ली बसेपर्यंत घासतात तसं.

एका दुपारी दादानं माझं बटण दाबलं, मला धाकट्याच्या टेबलाखाली चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं आणि स्वतः चहा प्यायला निघून गेला. मला ओरडता येत नाही. जे कानावर पडलं ते सगळं पोटात घेतलं.

गोष्ट छापून आली. तिच्यात एक किल्लीवाला 'मी' म्हणून सांगत होता आणि स्वतःलाच 'तू' म्हणून बोलत होता. दोन कपही होते. दुकानात दादाची वाहवा सुरू झाली. मग एक दिवस मेहुणा, म्हणजे धाकट्याच्या बायकोचा भाऊ, किल्ली करून घ्यायला आला.

"ताईनं वाचली ती दोन कपांची गोष्ट. म्हणते, भावजींनी काय लिहिलंय! यांना यातलं एक वाक्य सुचलं असतं, तर मी इथं कशाला आले असते?"

मागची कानस थांबली. मेहुणा गेला आणि धाकटा पुढे आला.

"दादा, माझं तोंड चोरलंस तू."

"अरे, नाव कुठं घातलंय तुझं? गोष्टीतला 'मी' कुणीही असतो."

"मग त्या कुणालाही सांग किल्ल्या घासायला!"

"चिडतोस काय? टेप ऐकून बघ, उलट सुधारलंय मी. ते गाढवा-बिढवा काढलं, 'हे मना' घातलं. केवढं उठून दिसतं!"

"आता तिच्यापुढे काय बोलू मी? जे बोलायचं ते तिनं तुझ्या नावावर वाचलंय. चोर तो चोर, वर इस्त्री करून घालतोस?"

दादा हसला. त्या हसण्याचा मला अजून राग आहे.

रविवारी धाकट्यानं मला पिशवीत घातलं. तिच्याकडे गेल्यावर एक शब्द न बोलता टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. कानशीची खरखर वाजली, एक शिंक वाजली, मग त्याचा आवाज आला. "जा की गाढवा." तिनं शेवटपर्यंत ऐकलं. बटण तिनंच बंद केलं.

"यंत्र बोललं," ती म्हणाली. "आता तुम्ही?"

मग सवयीनं, अगदी हळू, तो पुटपुटला, "बोल की गाढवा."

तिच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की रडू, सांगता येत नाही. मला फक्त ऐकू येतं.

"हे भावजींना जन्मात सुचलं नसतं," ती म्हणाली. "बसा."

"बरी आहेस ना?"

"नाही."

आणि मग दोघं भांडले. पोट भरून. त्या दिवशी ती त्याच्याबरोबर घरी परत गेली नाही, पण तो दर रविवारी येऊ लागला.

मी तिच्याकडेच आहे, कपाटावर. दादा निरोप धाडतो, नवी गोष्ट अडलीय, यंत्र पाठवून दे. ती पाठवत नाही, आणि मलाही जायचं नाही. माझा पट्टा सैल झालाय, आवाज ओढल्यासारखा येतो. फार दिवस चालणार नाही मी.

म्हणून एवढंच सांगतो. कुणी एकटा स्वतःशी बोलताना ऐकू आला, तर बटण शोधू नका. दाराशी उभं राहून नुसतं खोका. त्याला कळेल.