सलग चौदा तास

"मला त्याच इमानाचं तिकीट पायजे," हंबीरराव तिसऱ्यांदा म्हणाले.

टेबलापलीकडच्या गोपाळकृष्णाने मान वर केली नाही. सांगलीच्या एस.टी. स्टँडमागे, जिन्याखालच्या खोलीत बसून तो अकरा वर्षं लोकांना विमानाची तिकिटं काढून देत होता. स्वतः एकदाही विमानात बसला नव्हता. सकाळपासून त्याने या म्हाताऱ्यासाठी दोन वेगळे मार्ग शोधून कागदावर लिहून ठेवले होते. एकात लंडनला सहा तासांचा थांबा होता. दुसऱ्यात दोन ठिकाणी उतरायचं होतं.

"आबा, हा बघा. मध्ये उतरता येतं, फिरता येतं. पाय मोकळे होतात."

"ह्यो कवा पोचंल?"

"एक दिवस उशीर होईल."

"मग नको."

गोपाळकृष्णाने कागद उलटा करून ठेवला. महिन्यापूर्वी याच खुर्चीत हंबीररावांची बायको बनुबाई बसली होती, आणि हंबीरराव आता मागत होते त्याच विमानाचं कौतुक तो तिला तोंड भरून सांगत होता. मुलगी राजेश्वरी शिकागोला. पहिलंच बाळंतपण, आईनं यायलाच हवं. मुंबईच्या वकिलातीत जाऊन दोघांनी एकदमच व्हिसाचे शिक्के मारून आणले होते, पण कारखान्याची ऊसतोड ऐन भरात आली, टोळी दारात उभी, म्हणून हंबीरराव मागं राहिले. बनुबाईला अक्षरओळख नव्हती. तीन ठिकाणी विमान बदलायचं म्हटल्यावर ती जायलाच नको म्हणाली होती. तेव्हा गोपाळकृष्णाने हा नवा मार्ग काढला. हाँगकाँगला एकदाच बदल, तिथं चाकाच्या खुर्चीवर बसवून माणूस पुढच्या विमानापर्यंत नेऊन सोडणार, आणि तिथून सलग चौदा तास, थेट शिकागो. पाटी वाचायला नको, कुणाला विचारायला नको. एकदा बसलं की लेकीच्याच गावी उतरायचं. बनुबाईचा चेहरा उजळला होता. तिनं त्याला पुढच्या खेपेला गुळाची ढेप आणून देईन म्हणून सांगितलं होतं.

"खिडकी मीच मागून घेतली होती," गोपाळकृष्ण म्हणाला. "मुंबईला दोनदा फोन करून."

हंबीररावांनी उलटा ठेवलेला कागद त्याच्याकडं सरकवला.

"ढग दिसलं म्हनत व्हती तिला. कापसागत," ते म्हणाले. "मला मातुर कडंची जागा दे. उठाया बरी."

गावी, कुंडलला परतताना एस.टी.त त्यांना उभंच राहावं लागलं. बायका पुढच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही पाण्याची बाटली उघडत नव्हती. हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण कधी ध्यानात घेतलं नव्हतं. बनुबाईचंही तसंच. साताऱ्याला माहेरच्या लग्नाला जायचं असलं तरी आदल्या संध्याकाळपासून ती घोटभर पाणी घ्यायची नाही. स्टँडवरच्या त्या आडोशाला जाण्यापेक्षा तहान परवडली, असं तिचं चाळीस वर्षांचं गणित.

मुंबईला विमानतळाच्या दारात तिला सोडताना हंबीररावांनीच तिला बजावलं होतं, खिडकीकडं बसायचंय, बाहेर यायचं तर दोन परके बाप्ये उठवावे लागतील, तेव्हा पाणी बेतानं पी. फौजेत अठरा वर्षं काढलेला माणूस. हुकूम सोडायची सवय. ती हसली होती. "त्ये काय मला शिकवाया पायजे व्हय," म्हणाली होती.

पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा हंबीरराव गोठ्यातून धावत घरात आले. गेल्या वर्षी लेकीसाठीच त्यांनी घरात फोन घेतला होता. बनुबाई भलतीच खुशीत होती. खाली नुसतं पाणी, म्हणे, जमिनीचा ठिपका नाही. आणि मग अभिमानानं सांगितलं, चौदा तास मांडी घालून बसले, एकदा बी उठले न्हाई. शेजारचा गोरा झोपला व्हता, त्याला कशाला उठवू. डावा पाय जरा जड पडलाय, पोटरीत ओढ लागल्यागत वाटतंय. तेल तापवून राजी चोळतीया बघा, अशी आठ महिन्यांची पोटुशी, पर ऐकत न्हाई.

"चांगला रगडून घे," हंबीरराव म्हणाले होते.

त्यानंतर सात तासांनी जावयाचा फोन आला. वीरधवल साताऱ्याचा, शांत मुलगा, पण त्याच्या तोंडून वाक्य पुरं होत नव्हतं. मामी स्वयंपाकघरात गेल्या, दम लागला म्हणाल्या, भिंतीला धरून खाली बसल्या. रुग्णवाहिका चार मिनिटांत आली. चार मिनिटं, आबा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, जणू त्यात काही समाधान होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते त्याने नंतर नीट समजावलं. इतका वेळ न हलता, न पाणी पिता बसल्यावर पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ धरते, तेवढाच पाय सुजून जड होतो. ती सुटून फुप्फुसात गेली. राजेश्वरीला त्या अवस्थेत प्रवास झेपणार नव्हता, तेव्हा बनुबाईला तिथंच अग्नी दिला. कुंडलला हंबीररावांनी तेरावा घातला, ऊस मात्र तोडला नाही. टोळी दुसऱ्याच्या शेतात गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी राजेश्वरीचा फोन आला. इतके दिवस ती फोनवर येत नव्हती. आवाज अगदी सपाट होता.

"आबा, डागदरनं इचारलं, पाय कुनी चोळला व्हता का."

हंबीररावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी काय बोलले न्हाई," ती म्हणाली. "पर मी चोळला. गाठ मी सोडवली, आबा. ह्या हातानं मी बाळाला शिवणार न्हाई. दवाखान्यात ज्ये कोन असंल त्येनं घ्यावं."

त्यांना बोलायचं होतं, पण तोवर फोन जावयाकडे गेला होता. त्याने हळू आवाजात सांगितलं की तेलाची बाटली तिनं कचऱ्यात टाकली, बाळासाठी शिवलेली अंगडीही त्यालाच घडी करून ठेवायला लावली, घरात हातमोजे घालून वावरते. दिवस भरायला जेमतेम पंधरवडा उरलाय.

म्हणून तेच विमान. त्याहून लवकर पोचणारं दुसरं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ते गल्लीतल्या बयाबाईकडे गेले. ती पोरं न्हाऊ घालायची. राजेश्वरीलाही तिनंच न्हाऊ घातलं होतं. तान्हं मूल धरायचं कसं, असं त्यांनी विचारलं. बयाबाई पदराआड हसली, म्हणाली, "आबा, बाप्या मानसाचं काम न्हवं ते." मग हंबीरराव उभेच राहिले तेव्हा तिचं हसू थांबलं. तिनं एक टॉवेल गुंडाळून त्यांच्या हातात दिला. मानेखाली तळवा कसा ठेवायचा, पाणी कोपरानं कसं बघायचं, ते दाखवता दाखवता ती रडायला लागली. हंबीरराव टॉवेल धरून तसेच उभे होते.

विमानात त्यांना कडेची जागा मिळाली. पलूसच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर तासाला पाणी प्यायचं, उठायचं, चालायचं. पुढून मागं, मागून पुढं. खिडक्या बंद केल्या होत्या, माणसं तोंडं उघडी टाकून झोपली होती, आणि बाहेर ऊन आहे की अंधार हे कळायला मार्ग नव्हता. सातव्या फेरीला हवाई सुंदरीनं त्यांना हाताच्या खुणेनं विचारलं, काही होतंय का. त्यांनी फौजी हिंदीत, चलना है, एवढंच सांगितलं.

नवव्या तासाला त्यांच्या ध्यानात आलं की या विमानाला कुठं थांबताच येत नाही. एस.टी.त कुणी म्हणालं, अहो मास्तर, जरा थांबवा, तर शिव्या देत का होईना, कंडक्टर घंटी मारतो. इथं घंटी मारून काय उपयोग होता. त्यांनी आपल्या रांगेतल्या खिडकीकडं पाहिलं. तिथून आपल्यापर्यंत यायला दोन पावलं होती. दोन माणसांचे गुडघे होते. ते उठले आणि पुन्हा चालायला लागले.

शिकागोला बर्फ पडलं होतं. वीरधवल घ्यायला आला होता. राजेश्वरी दारात उभी होती. पोट खूप पुढं आलं होतं, डोळे खोल गेले होते. हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते. तिनं वाकून नमस्कार केला नाही. आत या, एवढंच म्हणाली.

हंबीरराव कोचावर बसले. बूट काढले, पायमोजे काढले, धोतर गुडघ्यापर्यंत सारलं. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला पाय चोळायला सांगितलं नव्हतं. बनुबाईलाही नाही.

"राजे, हिकडं ये. पाय चोळ."

वीरधवल पुढं झाला. "आबा, आत्ता नको," म्हणाला. हंबीररावांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"न्हाई, आबा," राजेश्वरी म्हणाली. ती भिंतीला टेकली होती.

"आदी बघ तरी. दोनी सारखं हायती का न्हाई?"

तिनं लांबूनच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काळे, हाडकुळे, टाचांना भेगा पडलेले दोन पाय. एकही सुजला नव्हता.

"पानी पिऊ नगं म्हनलो त्ये मी," हंबीरराव म्हणाले. "रगडून घे म्हनलो त्ये बी मी. गाठ इमानातच धरली व्हती, पोरी. तू आईचा पाय दुखतोय म्हनून तेल लावलंस. दुसरं काय करनार व्हतीस."

वीरधवलनं बुटकं स्टूल आणून कोचापुढं ठेवलं आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला.

खूप वेळानं ती आली. पोट सांभाळत, एका हातानं कोचाला धरून स्टुलावर बसली. बाह्या मागं सारल्या. हात बर्फासारखे गार होते. तिनं उजवा तळवा त्यांच्या घोट्यावर ठेवला. चोळलं नाही, दाबलं नाही, नुसता ठेवला. मग डावा.

हंबीररावांनी पाय हलवला नाही. मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदाच ते एका जागी बसून राहिले.