धुतलेले पाय

हॉटेलात तिला सगळे भिंगमावशी म्हणायचे. आरशावरचा बोटाचा ठसा, नळामागचा पांढरा थर, पलंगाखाली सरकलेली गोळीची रिकामी पट्टी, काही म्हणता काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या नऊ खोल्या ती एकोणीस वर्षं एकटीने सांभाळत होती. कामात हातचं राखणं तिला माहीतच नव्हतं. अशा बाईच्या मजल्याला लोकांनी फोनवरच्या अभिप्रायात 'अस्वच्छ' म्हणावं? म्हणत होते खरे. गेले तीन महिने म्हणत होते.

तिची सख्खी भाची खाली स्वागतकक्षात बसायची. पाहुणे निघून गेले की हॉटेलबद्दल काय लिहितात, ते रोज सकाळी ती मावशीला वाचून दाखवायची. पहिल्या मजल्याला पाचपैकी साडेचार तारे, तिसऱ्याला चार, आणि दुसऱ्याला अडीच. बरं, लोक नीट कारण तरी लिहितील की नाही! "खोली चकचकीत होती, पण का कोण जाणे, स्वच्छ वाटली नाही." आता याचा अर्थ काय घ्यायचा? डोक्यावर घ्यायचा की पायावर?

"चकचकीत आहे म्हणतात, आणि स्वच्छ नाही म्हणतात," मावशी करवादली. "जेवण पोटभर झालं पण भूक गेली नाही, असलं बोलणं हे."

"मावशी, पहिल्या मजल्याला काय लिहितात ऐकायचंय?"

"नको. तिचं कौतुक माझ्यापुढे नको."

ती म्हणजे पहिल्या मजल्याची गोगलगाय. हे नाव मावशीनेच ठेवलेलं. बादली उचलायला तिला पाच मिनिटं, ठेवायला पाच मिनिटं. फरशी पुसायची ती मावशीच्या मते नुसती ओली करून सोडायची. आणि तिला साडेचार तारे! तळपायाची आग मस्तकात जायची मावशीच्या.

तारे घसरायला लागल्यापासून मावशीने आणखी कंबर कसली होती. आधी एकदा पुसायची तिथे दोनदा. त्याच्या थोडं आधीच फरशी पुसायचं नवं लिक्विड आलं होतं, निळं आणि दाट. बाटलीवर लिहिलं होतं, बादलीला एक झाकण. मावशी हसली होती. जुनं लिक्विड ती बादलीला अर्धा पेला घालायची, मग हे झाकणभर घालून काय फरशीला नुसता वास दाखवायचा? तिने अर्धा पेलाच चालू ठेवला, आणि तारे खाली आले तसा पेला भरत गेला.

एवढं करूनही चादरी खराब यायच्या. पलंगाच्या पायाकडच्या बाजूला, रोज, करडे डाग. कपडे धुणारा तळघरातून ओरडायचा, "तुमच्याच मजल्याच्या चादरी अशा का हो?" मावशी वरून ओरडायची, "माझ्या मजल्यावर उकिरड्यातून चालत आलेले लोक उतरतात, मी काय करू?"

आणि मग त्या मुलीची गोष्ट घडली.

दोनशेचार नंबरच्या खोलीत एक बाई आणि तिची सहा-सात वर्षांची मुलगी दोन रात्रींसाठी उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पलंग नीट करायला गेली तर पायाकडे छोटे छोटे करडे ठसे, बोटांसकट. मुलगी खुर्चीत बसून पाय हलवत होती. मावशी तिला गोडच बोलली, तिच्या मते तरी. "बाळा, पलंगावर चढायच्या आधी पाय धुवायचे असतात हं."

"धुतले होते," मुलगी म्हणाली.

"धुतले असते तर हे काय असतं?" मावशीने चादर वर करून दाखवली.

मुलीने ठशांकडे बघितलं, मग स्वतःचे तळवे उलटे करून बघितले, आणि उठून आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. मावशीने चादर बदलली आणि बाहेर आली. असली शंभर पोरं तिने पाहिली होती.

गुरुवारी सकाळी भाचीने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"वाच की," मावशी म्हणाली.

"'एक तारा. सफाईच्या बाईंनी माझ्या मुलीला पाय धुवून पलंगावर चढायला सांगितलं. ती पाय धुऊनच चढली होती. घरी आल्यापासून ती दिवसातून चार वेळा पाय धुते आणि मला विचारते, आता झाले का स्वच्छ?'"

मॅनेजरनेही ते वाचलं होतं. दुपारी त्याने मावशीला बोलावलं. तो तिच्या मुलाच्या वयाचा, बोलायला वाईट नाही, पण त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतंच. "मावशी, मालकांनी ठरवलंय. सोमवारपासून दुसरा मजला बाहेरच्या कंपनीकडे. त्यांची मशीनं आहेत. तुम्ही तळघरात चादरींच्या घड्या घाला. पगार तोच."

पगार तोच! जणू काही पगाराचंच दुःख होतं. एकोणीस वर्षं तो मजला तिचा होता. घड्या घालायला तिला कमीपणा नव्हता, पण 'हिला साफसफाई येत नाही' असं ठरवून तळघरात पाठवायचं? भिंगमावशीला? तिथे रडायचं नाही म्हणून ती "बरं" एवढंच म्हणाली आणि जिन्यात येऊन डोळे पुसले.

पण घरी गेल्यावर तिच्या डोक्यात तळघर फिरत नव्हतं. त्या पोरीचं बोलणं फिरत होतं. धुतले होते. खोटं बोलणारं पोर आधी आईकडे बघतं, हे मावशीला तीन मुलं वाढवून ठाऊक होतं. त्या मुलीने आईकडे बघितलं नव्हतं. तिने स्वतःच्या तळव्यांकडे बघितलं होतं, आणि तिला स्वतःलाच नवल वाटलं होतं. आता धुतलेले पाय असे कसे होतील?

शुक्रवारभर ती हाच किडा डोक्यात घेऊन फिरली. शनिवारी दुपारी दोनशेचार रिकामी होती. मावशी भाचीला म्हणाली, "मला त्या खोलीत पाहुणी म्हणून जायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे चावी दे आणि मागे ये. ती पोर जे जे करत असेल, ते सगळं मला करायचंय."

"मावशी, बरी आहेस ना?"

"चल गं मुकाट्याने."

खोली सकाळीच पुसून ठेवलेली, आरशासारखी लखलखत होती. मावशीने दारातूनच तिच्याकडे अभिमानाने बघितलं. मग तिने पायातल्या रबरी चपला काढल्या. ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून सफाईवाल्यांना चपला सक्तीच्या होत्या. एकोणीस वर्षांत या खोल्यांमध्ये तिचा उघडा पाय कधी लागलाच नव्हता.

बाथरूममध्ये जाऊन तिने साबण लावून पाय धुतले, टॉवेलने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे केले. टॉवेल भाचीला दाखवला. "बघ, पांढरा आहे ना?"

"पांढरा."

मग ती निघाली. बाथरूमपासून पलंग सात पावलं. पहिल्याच पावलाला ती थबकली. पाय उचलला, पुन्हा टेकवला. उचलला, पुन्हा टेकवला.

"काय झालं?"

"चिकटतंय," मावशी हळूच म्हणाली.

ती खिडकीपर्यंत गेली, खुर्चीपर्यंत गेली, पोर खोलीभर बागडेल तशी फिरली. पाय प्रत्येक वेळी फरशीवरून बारीक चिक् आवाज करत सुटत होता. शेवटी पलंगाच्या कडेवर बसून तिने तळवा उलटा केला. करडा. टाचेपासून बोटांपर्यंत करडा.

मावशी तशीच अनवाणी जिना उतरून पहिल्या मजल्यावर गेली. गोगलगाय खुर्चीवर बसून पाय चोळत होती.

"तू बादलीत किती लिक्विड घालतेस?"

"झाकणभर," गोगलगाय दचकून म्हणाली. "कधी कधी तेवढंही नाही. मग नुसतं पाणी फिरवते. का गं? कोणी तक्रार केली?"

मावशी पाय पुसून तिने साफ केलेल्या एका रिकाम्या खोलीत शिरली आणि फरशीवरून चालली. गार, कोरडी, गुळगुळीत फरशी. पाय कुठेही धरून ठेवला नाही.

म्हणजे असं होतं तर. भरमसाट साबण फरशीवर सुकत होता, दिसायला झकास, पण हवेतली धूळ न् धूळ धरून बसत होता. लोक तारे कमी करत होते, ती साबण वाढवत होती, फरशी आणखी चिकट होत होती. आणि ती पाहुण्यांच्या पायांना नावं ठेवत होती.

"अगं बाई, सगळी घाण मीच करत होते," ती गोगलगायीला म्हणाली आणि भिंतीला टेकली. "आणि तुला मी आळशी म्हणत होते."

"आहेच मी आळशी," गोगलगाय म्हणाली. "बस जरा. पाणी पी."

त्या दुपारी दोघींनी मिळून दोनशेपाच नंबरची खोली नुसत्या गरम पाण्याने चार वेळा पुसली. गोगलगाय पहिल्यांदाच भराभर हात चालवत होती. मग मावशी मॅनेजरकडे गेली. तिला गप्प बसता आलं असतं, लिक्विड खराब आहे म्हणूनही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "साहेब, बूट काढा आणि माझ्याबरोबर चला."

मॅनेजरच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यामुळे तो थोडा अवघडला. पण मोजे पांढरे होते, ते बरं झालं. उजव्या पायाचा धड मोजा त्याने दोनशेपाचमध्ये फिरवला, डाव्या पायाचा भोकाचा मोजा दोनशेचारमध्ये. मग व्हरांड्यात उभं राहून एकेक पाय वर करून बघितला. डावा काळा होता.

"लिक्विडचा दोष?" त्याने विचारलं.

"माझा. बाटलीवर झाकणभर लिहिलंय. मी पेलाभर घालत होते."

मॅनेजरने डावा मोजा बोटाने खरवडून बघितला. "महिनाभर थांबवतो कंपनीला," शेवटी म्हणाला. "मालकांशी बोलतो मी. तारे वर आले तर मजला तुमचा."

"आणखी एक आहे. त्या मुलीच्या आईला उत्तर लिहायचंय."

"लिहू की. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, गैरसोयीबद्दल क्षमस्व.'"

"तसलं नको. फरशी माझी घाण होती, असं लिहायचं."

"मावशी! ते सगळं जग वाचतं. हॉटेलनेच फरशी घाण होती म्हणून लिहायचं?"

"त्या पोरीला मी तिच्या आईसमोर खोटं पाडलंय. ती तिकडे पाय घासत बसलीय. तुम्हाला जमत नसेल तर सोमवारी बोलवा कंपनीला. मी तळघरात जाते. पण ते लिहायचं."

मॅनेजरने एकदा तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, एकदा आपल्या मोज्यांकडे. "लिहा," तो म्हणाला.

भाचीने टाइप केलं, मावशीने सांगितलं. "बाळा, तुझे पाय स्वच्छ होते. मी फरशीवर जास्त साबण घातला होता, त्याने ते काळे झाले. मी तुझ्यासारखेच पाय धुऊन चालून बघितलं, माझेही काळे झाले. तू खरं बोलत होतीस. आता पाय रोज घासू नकोस. दुसऱ्या मजल्यावरची सफाईवाली मावशी."

रविवारी सगळ्या नऊ खोल्या गरम पाण्याने पुसून झाल्या. सोमवारी सकाळी भाचीने दुसऱ्या मजल्यावर फोन आणून मावशीच्या हातात ठेवला. एक तारा होता तसाच होता, आईने तो बदलला नव्हता. खाली फक्त तिचं उत्तर होतं.

"तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी सांगत होते ना."

मावशीने ते दोनदा वाचलं. चपला दाराबाहेर होत्या, पायाखालची फरशी गार होती.

"सांगत होतीस गं," ती फोनकडे बघून म्हणाली. "मीच ऐकलं नाही."