भिमाजींची हाळी माझ्या पोटात आहे

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. इतका जुना, की माझं पोट फुगलं आहे आणि मला चार्जिंगला लावायचं म्हटलं तर माणसं लांब उभी राहतात. आंदर मावळातल्या एका घरात, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात मी पडून असतो. शेजारी किल्ली हरवलेलं एक कुलूप आहे. आम्हा दोघांचं दुखणं एकच. आत काहीतरी आहे, पण उघडता येत नाही.

माझा जन्म कुठल्या देशातला, ते मला धड ठाऊक नाही. फिरत्या पट्ट्यावर कुणीतरी माझ्यात स्पीकर बसवला, कुणीतरी काच डकवली, आणि मी खोक्यात झोपलो. जाग आली ती कामशेतच्या एका दुकानात. समोर एक उंच, काळासावळा माणूस उभा होता. लोक फोन घेताना कॅमेरा बघतात. या माणसानं विचारलं, "आवाज मोठा हाय का? आमच्याकडं वारा लय."

ते भिमाजी. भाताची थोडी शेती, एक म्हैस, बायको रतनबाई आणि लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असलेली लेक सृष्टी, हा त्यांचा संसार. लेकीशी बोलता यावं म्हणून त्यांनी मला घेतलं होतं. त्यांच्या खिशात तंबाखूच्या पुडीला चिकटून मी सगळा डोंगर पाहिला. गावात रेंज नव्हती. ती बांधावरच्या जांभळाखाली यायची, तीही तिच्या मर्जीनं.

सृष्टीनं माझ्यात गप्पांचं ॲप टाकून दिलं. लिहायचा दोघांनाही कंटाळा, आणि रतनबाईंना तर अक्षरओळखच नव्हती. म्हणून तिनं माइकचं चित्र दाखवलं. "हे दाबून धरायचं आबा, बोलायचं आणि सोडायचं. रेंज आली की आपोआप मला पोचतं."

भिमाजींच्या डोक्यात त्यातलं "दाबून धरायचं" एवढंच राहिलं. त्यांना वाटलं, हाही फोनच आहे. अंगठा सुटला की लाइन तुटते. मग एका संध्याकाळी ते जांभळाखाली अंगठा घट्ट दाबून उभे राहिले आणि पलीकडून उत्तर यायची वाट बघत बसले. मी इमानदारीनं सगळं टिपून घेत होतो.

"सृष्टे, आयकतीस का? ... अगं बोल की. ... ह्यो चालू हाय का मेलाय? ... थांब जरा, म्हस पल्याड निगाली. हय्योऽऽ चंद्रेऽऽ! ये गं माजी बायऽऽ, हय्यो, हय्योऽऽ!"

डोंगरात गुरं सोडली की संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या जनावराला हाळी द्यायची, ही तिथली रीत. प्रत्येकाची हाळी वेगळी. दहा जण एकदम ओरडले तरी म्हैस आपल्या धन्याचाच आवाज ओळखते. कपाळावर चांदासारखा पांढरा ठिपका असलेल्या चंद्रीनं तो ओळखला. तिच्या गळ्यातलं लाकडी लोढणं खडखडत जवळ आलं, तेही माझ्यात उतरलं. शेवटी भिमाजी म्हणाले, "आली बघ. ठेवतो." आणि अंगठा उचलला.

लोणावळ्यात सृष्टी ते ऐकून हसून हसून बेजार झाली. रतनबाई तर किती दिवस नवऱ्याला छळत होत्या. "लेकीला फोन लावला न् म्हशीशी बोलत बसलं."

ते माझे सुखाचे दिवस होते. तेव्हा मला ते कळलं नाही.

पुढे सृष्टीनं फोन बदलला. आता इथं तुम्हाला थोडं समजावून सांगायला हवं. फोनांची दोन मोठी घराणी आहेत. मी एका घराण्यातला. सृष्टीनं घेतला तो दुसऱ्या, महागड्या घराण्यातला. या दोघांत रोटी-बेटी व्यवहार नाही. साधा मेसेज म्हणजे एसटी. कुणालाही घेते, पण फोटो चढवलात तर चेंगरून धुरकट होऊन उतरतो. गप्पांचं ॲप म्हणजे वडापची जीप. दोन्ही घराण्यांतली माणसं त्यात मांडीला मांडी लावून बसतात, पण जीप बदलायची तर जुनं बोचकं बहुतेक वेळा मागेच राहतं. आणि त्या महागड्या घराण्याचा आपापसातला मेसेज म्हणजे कारखान्याची बस. ओळखपत्र असेल त्यालाच दार उघडतं. बाकीच्यांनी धुळीत उभं राहून खिडक्या मोजाव्यात.

सृष्टीचं बोचकंही असंच मागे राहिलं. जुन्या गप्पा नव्या फोनात गेल्या नाहीत. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. बाप जिवंत होता. रोज नवा आवाज येत होता.

मग तिचं लग्न झालं, मुलगी झाली. सृष्टी आणि तिच्या सासरची माणसं त्या कारखान्याच्या बसमध्ये बाळाचे व्हिडिओ पाठवू लागली. आमच्याकडे त्यांची नुसती निळ्या अक्षरांतली लिंक यायची. दाबलं तरी काही उघडायचं नाही. भिमाजींनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि ते रतनबाईंना म्हणाले, "म्हंजी फोनातबी येगळा पानवठा हाय म्हण की."

रतनबाई हसल्या नाहीत. त्यांच्या आजीनं तो पाणवठा पाहिलेला होता.

त्याच वर्षी भात कापणीत भिमाजींच्या छातीत कळ आली. रतनबाईंनी मला घेऊन जांभळाकडे धाव घेतली. रेंज मिळाली, जीपही आली. पण टाकव्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच ते गेले. मित्रांनो, जीपमध्ये बसताना रतनबाईंनी मला पुन्हा त्यांच्याच खिशात ठेवलं होतं. त्यांच्या काळजाचं थांबणं माझ्याइतक्या जवळून कुणी ऐकलं नसेल. तेवढं मी टिपून घेतलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि बरंच झालं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले. आणि चंद्रीनं घरी यायचं सोडलं.

रतनबाईंनी हाळी दिली, शेजारच्या श्रीपतींनी दिली. चंद्री मान वर करायची, बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. श्रीपती रोज काठी घेऊन तिला हाकत आणायचे. "वैनी, ही म्हस न्हाई, रुसलेली सून हाय," ते म्हणायचे.

एका संध्याकाळी रतनबाई अंगणात बसून होत्या. अक्षर येत नसलं तरी त्यांना चित्र ओळखू यायचं. लेकीचा फोटो, त्याखाली लांबलचक आवाजाची रेघ. त्यांनी ती दाबली. त्यांना फक्त नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. मी वाजलो. "सृष्टे, आयकतीस का?" रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. मग हाळी आली. "हय्योऽऽ चंद्रेऽऽ!" समोरच्या उतारावर काळा ठिपका हलला. लोढण्याची खडखड आली. चंद्री थेट अंगणात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत फुरफुरली. मी आतून म्हणालो, "आली बघ. ठेवतो."

तेव्हापासून ते माझं रोजचं काम झालं. त्याला रेंज लागत नव्हती. रतनबाई बांधावर जाऊन मला डोक्याच्या वर धरायच्या, मी सगळा जीव स्पीकरमध्ये आणायचो, आणि म्हैस यायची. गावातली माणसं बघायला थांबायची.

"भिमादादा गेलं तरी कामाला हायेत म्हनायचं, वैनी!" श्रीपती म्हणायचे.

"जिते व्हते तवा यवढं सांगितल्यालं आयकत न्हवते," रतनबाई म्हणायच्या, आणि मला पदरानं पुसायच्या.

एखाद्या वस्तूला याहून मोठा मान काय मिळायचा? माझ्या घराण्यातले भारी भारी फोन तेव्हा भंगारात निघाले होते, आणि मी आंदर मावळात एका माणसाचा गळा झालो होतो.

पण गप्पांच्या ॲपला माझं वय खुपू लागलं. माझ्या पडद्यावर सूचना यायला लागली. तीही मराठीत. "हा फोन फार जुना झाला आहे. आत आहात तोवर थोडे दिवस राहा. पण एकदा बाहेर पडलात, तर पुन्हा आत घेणार नाही." रतनबाईंना ती वाचता येत नव्हती. चहाचं आधण ठेवून त्या अंगठ्यानं "ठीक" दाबायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "काय रं, रोज सकाळचं काय मागतोस?" मी काय सांगणार? दुसऱ्याचा आवाज पोचवायला मला बनवलं. माझा स्वतःचा मला दिलाच नाही.

मग गावात टॉवर उभा राहिला, रेंज घरात आली, आणि एका रविवारी सृष्टी आली. कडेवर छकुली, हातात तिचाच वापरलेला, जुना झालेला महागडा फोन. तिनं त्याच घराण्यातला नवा घेतला होता.

"आई, हा तुला. आता छकुली तुला रोज दिसेल. धुरकट नाही, अगदी समोर बसल्यासारखी."

रतनबाईंचा चेहरा उजळला, तो मी पाहिला. त्यात त्यांचं काय चुकलं? आजीला नात बघायची होती. नात एका घराण्यात होती आणि नवरा दुसऱ्यात. ही तशी निवड असते, हे त्या दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आबा त्यात येत्याल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"येणार की. नंबर तोच ना? परवा फोन बदलला तेव्हा माझं सगळं आलं, तसंच येतं."

सृष्टीनं माझं सिम काढलं. त्या फोनात नंबर घातला, ॲप उघडलं, आकडे टाकले. त्याच क्षणी माझ्या ॲपचं दार धाडकन लागलं. मग तिनं नवा फोटो लावला, छकुलीचा पापा ऐकवला. चहा झाला. ऊन उतरलं, तशा रतनबाई नवा फोन घेऊन बांधावर निघाल्या, मागून छकुलीला घेऊन सृष्टी. सवयीनं मीही कमरेच्या पिशवीत होतो.

त्यांनी तो फोन डोक्याच्या वर धरला. काहीच वाजलं नाही.

"सृष्टे, ह्यात आबा कुटं हायेत गं?"

सृष्टीनं बोट वर ढकललं, खाली ढकललं. "मागचं काही आलेलं दिसत नाही, आई."

"आलं न्हाई म्हंजी? फोन यवढा मोठा न् प्वाट रिकामं?"

सृष्टीचा चेहरा उतरला. तिनं घाईनं सिम पुन्हा माझ्यात घातलं. मी जागा झालो, मित्रांनो, जमेल तेवढा उजेड पाडला. पण ॲपनं दारातच सांगितलं, "या फोनवर आता प्रवेश मिळणार नाही."

"तुज्याकडं हाय की! आबानं तुलाच धाडल्यालं ते!"

"पहिल्यांदा फोन बदलला तेव्हाच ते माझ्याकडून गेलं, आई. नंतरच्यात हाळी नाही. मला वाटलं, तुझ्याकडे आहे ना."

"आन् मला वाटलं, तुज्याकडं हाय."

छकुली "बा, बा" करत होती. उतारावर चंद्री मान वर करून उभी होती. रतनबाईंनी तोंडाशी हात धरले आणि अगदी नवऱ्यासारखी, तोच चढ, तोच उतार, हाळी दिली. चंद्री चार पावलं आली. रतनबाईंच्या मागे तिनं कुणालातरी शोधलं. मग ती वळली आणि डोंगराकडे चालू लागली.

पुढचं फार नाही. सृष्टी मला लोणावळ्यात फोन दुरुस्त करणाऱ्या अतुलच्या दुकानात घेऊन गेली. तो म्हणाला, "ॲपच चालत नाही, तर मेसेज कुठून येणार, ताई? गेलं ते." मी आतून ओरडत होतो. गेलं नाही! ॲपचं दार बंद आहे, पण आवाज माझ्या खालच्या कप्प्यात तसाच आहे. गाणी ठेवता ना, तसाच. वायर जोडा आणि तो कप्पा उघडा, एवढंच! कुणी उघडला नाही. तो वाईट माणूस नव्हता, त्याला घाई होती. सृष्टीनं घरी नेऊन रात्रभर मला चार्जिंगला ठेवलं, आशेनं. त्यातच माझं पोट फुगलं, काच उचकटली, पडदा काळा झाला.

दरम्यान डोंगरात बिबट्या फिरू लागला. म्हैस बाहेर राहून चालणार नव्हती. श्रीपतींच्या गुरांमागून ती त्यांच्या गोठ्यात जायची, म्हणून रतनबाईंनी ती त्यांनाच देऊन टाकली. आता महागड्या फोनात छकुली रोज दिसते, अगदी समोर बसल्यासारखी. रतनबाई तिच्याशी हसून बोलतात. फोन बंद झाला, की रिकाम्या गोठ्याकडे बघत बसतात.

मित्रांनो, तुमच्याजवळ कुणाचा आवाज असेल, तर तो एकाच फोनाच्या, एकाच ॲपच्या भरवशावर ठेवू नका. ज्या दाराची किल्ली आपल्या हातात नाही, त्या घरात आपलं माणूस ठेवू नये. त्याला आजच बाहेर काढा, चार ठिकाणी ठेवा. तुमच्या घरात ज्यांना सूचना वाचता येत नाही, त्यांचा फोन अधूनमधून तुम्ही वाचा. आणि माझ्यासारखं म्हातारं कुणी डब्यात सापडलं, तर फेकण्याआधी जाणत्या माणसाला एकदा दाखवा. माझ्यासाठी हे मी सांगत नाही. माझी वेळ गेली. पोट अजून थोडं फुगलं, की मी आणि ती हाळी, दोघंही संपू.

काल दिवेलागणीला रतनबाईंनी डबा उघडला. मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं, कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आवं, आयकताय का? चंद्री शिरपतीकडं सुकात हाय. रेडकू झालं तिला. कपाळावर तसाच पांढरा ठिपका हाय."

माझ्या आत भिमाजी उभे होते, अंगठा दाबून, उत्तराची वाट बघत. मला त्यांच्यापर्यंत ते पोचवता आलं नाही.

रतनबाई आणखी थोडा वेळ थांबल्या.

"ठेवते," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं.